कोरी जागा

गणपती पेठेत आमची प्रेस.
मशीन पायाने चालायचं तेव्हा
दस्तगीर जुळारी खिळे लावायचा, उलटे,
आणि उलटीच वाचून दाखवायचा अख्खी पत्रिका
चष्म्याशिवाय.

लग्न म्हणजे नावं.
वर देव, देवाखाली कैलासवासी,
मग आजा, चुलते, आजोळचे मामा,
मुंबईला गेलेले, बोलणं बंद असलेले,
शेवटी किलबिल: पिंकी, बाहुबली, सोनू,
आणि एकाचं बारसं व्हायचंय म्हणून नुसतं ‘बाळ’.
कडेला वेलबुट्टी. वेलबुट्टीला सोनेरी रेघ.
जागा उरली तर मोर.
जागा उरायची नाही.
मोर तरी बसायचा.

मग कॉम्प्युटर आला.
मी पंचविशीची, माऊस धरायला शिकले,
अक्षराला सावली दिली, सावलीला किनार,
किनारीत इंद्रधनुष्य.
एका बारशाला सतरा फॉन्ट वापरले,
कुणी नावं ठेवली नाहीत.
उलट म्हणायचे, ताई, अजून भरा की थोडं,
हितं मोकळं मोकळं दिसतंय.
मोकळं म्हणजे तेव्हा
ताटात लोणचं वाढायचं राहिलेलं.

पुराच्या वर्षी कृष्णा दुकानात आली,
आठ दिवस राहिली.
गेली तेव्हा अख्खी पेठ एका रंगाची.
शटर, कॅटलॉग, शेजारची हळदीची पोती, देव,
सगळ्यांवर एकच मातकट हात.
भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला एक रेघ,
बारीक, सरळ,
कुठल्याच मशीनवर मला तशी ओढता आली नसती.
कॅटलॉगची पानं सोलून काढताना
एका मोराचा फक्त डोळा हाती आला.
रेघ झाकू का, रंगारी म्हणाला.
मी दर विचारला.
राहू दे म्हटलं.

यंदा फाल्गुनाआधी मगदुमांचा नातू आला पुण्याहून,
मोबाइलमध्ये पत्रिका घेऊन.
साईच्या रंगाचा जाड कागद, मधोमध दोन इंग्रजी अक्षरं,
तारीख, गाव.
बस एवढंच, मावशी. क्लीन पाहिजे.
आणि देव?
देव मनात आहे.
मी बिल केलं. कागद महाग, शाई जवळजवळ फुकट.
खोटं कशाला बोलू, छान दिसत होती.
एक ठेवून घेतली,
रात्री दिव्याखाली तिरकी धरून
बराच वेळ बघत बसले.

चौथ्या दिवशी थोरले आदगोंडा आले आरगहून, एसटीने.
पत्रिका उलटी केली, सुलटी केली,
आत काही दुमडलंय का ते नखाने पाहिलं.
“ह्यात आमी कुठं हाय गं?”

मी बोट ठेवलं. अक्षरांच्या खाली, उजवीकडे,
पुष्कळ जागा होती.
त्यांनी तिथे अंगठा फिरवला
हळदीची प्रत बघतात तसा.
“आणि बाबगोंडा?”
तुमच्या शेजारीच.
“त्याच्याशी बोलत न्हाई मी.”

मग खिशातून काढली त्यांच्या धाकट्याच्या लग्नाची,
शहाण्णव सालची, दस्तगीरच्या हातची.
आरगला पूर येत नाही.
म्हणाले, ह्याच्यासारखी एक कर.
एकच. किती पैसे घ्यायचे ते घे.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून बसले.
एकेचाळीस नावं.
गेलेल्यांना वर सरकवलं,
किलबिलीतल्यांना खाली बायकापोरांसकट बसवलं,
आदगोंडा आणि बाबगोंडा यांच्यामध्ये
जाडसर वेल सोडली.
हात थांबत नव्हता. मोर दोन झाले.

गुरुवारी आले, उभ्यानेच वाचली,
ओठ हलवत, बोटाने एकेक ओळ.
अगदी तळाला बोट थांबलं.
“हे ‘बाळ’ कोण?”
जुन्यावरून उतरवलं, चुकून राहिलं. काढते.

त्यांनी हिशेब केला, बोटांच्या पेरांवर.
“आगं, ह्योच की नवरदेव.”

काढू ना?

पत्रिकेची घडी करून खिशात घातली.
म्हणाले, मोर जरा लहान आलाय.